मारोतीचं अंग भरलं व्हतं

त्या दिवशी सकाळी गल्लीत नळाला पाणी आलं व्हतं. आमच्या हर्सूलच्या बाजूला पाणी आलं की माणसाला माणूस दिसत नाय. टाकी, ड्रम, पातेली, जे हाताला येईल ते भरून ठेवायचं, कारण फिरून कव्हा येईल त्याचा काय नेम नाय. पाणी भरायचं काम माझ्या दिराचं, मारोतीचं. पाइप तो दुसऱ्याच्या हातात द्यायचाच नाय. मी आत भाकरी करत व्हते. बाहेरून शेजारची शकुंतला वरडली, "ओ मारोतीकाका, झोपलात का काय? समदं पाणी नालीत चाललंय की!" कुणीतरी हसलं अन् म्हणलं, "काका दिल्लीसंगट बोलायलेत, मधी बोलू नका." मला वाटलं, बसला असंल बिडी वढत. तव्यावरची भाकर उलटली, शेकली, उतरवली, तरी पाणी सांडायचा आवाज थांबंना. मग उठले. भिंतीला टेकून बसला व्हता, पाइप मांडीत, सदरा वला गच्च, डोळे ड्रमाकडं. मी आधी पाइप उचलून ड्रमात टाकला… हाताची सवय. मग त्याच्याकडं बघितलं. शकुंतला बादली ठेवून जवळ आली, त्याच्या नाकापुढं हात धरला अन् हळूच म्हणली, "मावशी, काका गेले."

दवाखान्यात नेला. डॉक्टर म्हणले, हृदयाचा झटका, मोठा व्हता, करण्यासारखं काय राहिलं नाय. पाहुणे जमले. जो तो एकच बोलायचा, "सुटला बिचारा. तुम्ही बी सुटलात." मी रडले नाय, लोकांना ते खटकलं. आता महिना उलटून गेला. लोक अजून त्याचं नाव येडा मारोती असंच काढतात. तो कशानं गेला ते कुणी विचारत नाय. येड्या माणसाला मरायला कारण लागत नाय, असं त्यांना वाटत असंल. म्हणून हे लिहायलेय. मी चौथीपस्तोर शिकलेय, जसं बोलते तसंच लिहिणार.

पोलीस ॲक्शनच्या वक्ताला मी अंगावर पीत व्हते, आई मला घेऊन ज्वारीत लपून बसली व्हती म्हणं. लग्न होऊन हर्सूलला आले तव्हा मला नीट लुगडं सावरत नव्हतं. सासरी मेंढरं व्हती. तलावाच्या कडंनं, पार माळामाळानं चारत न्यायची अन् राती कुणाच्या रानात काट्यांचं वाडगं करून कोंडायची. मारोती मालकांचा धाकटा भाऊ, त्याला शेंबूड पुसायची अक्कल नव्हती, अन् सासू मला म्हणली, "त्याला नावानं हाक मारायची नाय. दीर हाय तुझा, भाऊजी म्हण." मग मी म्हणायचे, "भाऊजी, चड्डी घाला." समदे हसायचे. सासू लौकर गेली, तसा तो माझ्याच हाताखाली वाढला. भाऊजी कव्हा गळालं अन् मारोती कव्हा झालं ते कळलं बी नाय. मोठा झाल्यावर लोकर कातरण्यात त्याचा हात असा चालायचा की मेंढरू हलायचं नाय. कातरी चालवताना मेंढराशी गोष्टी सांगायचा, "आता डाव्या कुशीवर व्हय, आता शाणी गं माझी." तव्हा त्याचं बोलणं कुणाला येडं वाटलं नाय. धनगराचं लेकरू मेंढराशी बोलणार नाय तर कुणाशी.

मिसरूड फुटल्यावर हळूहळू त्याची झोप गेली. जेवताना मधीच थांबायचा, कान द्यायचा. मी विचारलं, "काय ऐकायलास रं?" तर म्हणायचा, "वैनी, तू ऐकू नको, तुझं नाव बी घ्यायलेत." एका थंडीत, ऐन कडाक्याच्या दिवसांत, आम्ही बाजाराला गेलो अन् माघारी आलो तर त्यानं निम्मा कळप भादरून ठेवला व्हता. मेंढरं उघडी, थरथरायलेली, अन् हा लोकरीच्या ढिगात बसून लोकर चिवडायला. म्हणला, लोकरीत कुणीतरी निरोप घालून पाठवायलंय, तो मी काढतोय. त्या थंडीनं मेंढरं मेली, गाभण व्हती ती आधी गेली. माझे सासरे, आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो, त्यांनी दावं आणलं. पोराचे दोन्ही हात धरले अन् दाव्यानं खुट्याला बांधले. मारोतीनं बी बांधून घेतलं. मला नुसतं इतकंच म्हणला, "वैनी, पाणी पाज."

पुढं जे समदे करतात तेच केलं. दर्ग्यावर नेला, तिथं लिंबाच्या झाडाला साखळीनं बांधलेला राहिला. देवऋषी झाला, अंगारा झाला. दिवसेंदिवस वाळत गेला, बरगड्या मोजून घ्याव्या असा. शेवटी मालकांना चिकलठाण्याच्या कारखान्यात काम लागलं, तिथल्या एका मुकादमाच्या घरात असंच दुखणं व्हतं, त्यानं सरकारी दवाखान्याचा रस्ता सांगितला. डोक्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. लई झोपला. मग उठला तो शांत व्हता. आवाज बारीक झालेत म्हणला. अन् त्याला भूक लागायला लागली. कसली भूक… टोपल्यातल्या भाकरी संपल्या तरी ताटावरून उठायचा नाय. मी करून घालायचे. दर्ग्यावर वाळून आलेल्या पोराला भूक लागली तर कोण हात आखडंल?

आता मेंढरावाल्यांची एक रीत हाय. मेंढराची तब्येत नुसती बघून ठरवत नायत, लोकर फसवती. पाठीवर हात ठेवायचा अन् कण्याच्या दोन्ही अंगाला बोटं दाबायची. हाड लागलं तर जनावर खंगलं. मांस लागलं तर टिकलं, पावसाळा काढंल. मामंजी मरायच्या आधी अंथरुणावरच व्हते. एके दिवशी त्यांनी मारोतीला जवळ बसवला, सदरा वर केला अन् पाठीवर बोटं दाबली. लई येळ दाबत राहिले. मग मालकांना म्हणले, "भरलाय. पोरगं हाती लागलं. आता मला जाऊ द्या." अन् गेले बी सुखानं. तव्हापासून आमच्या घरात तीच मापं लागली. जो पाहुणा यायचा तो मारोतीच्या पाठीवर थाप मारायचा अन् म्हणायचा, "वा, अंग धरलंय गड्यानं! बरा झाला." पोट सुटलं तर म्हणायचे, वैनीच्या हाताला चव हाय. गळ्याखाली मांस आलं तर म्हणायचे, सावकार दिसतो. मारोती हसायचा. दवाखान्यात बी कुणी वेगळं बोललं नाय. महिन्याच्या महिन्याला आम्ही जायचो, बाकावर बसायचो, नंबर आला की आत. डॉक्टर विचारायचे, "झोप येते? आवाज येतात? कुणावर धावून जातो का?" मी म्हणायचे, नाय साहेब, शांत बसतो. "छान," म्हणायचे अन् त्याच गोळ्या लिहायचे. एवढी गर्दी बाहेर, त्यांना तरी फुरसत कुठली.

बिडी त्याला दवाखान्यातच लागली. भरती केला व्हता तव्हा वॉर्डात गोळी गिळली की बिडी, असा कायदा व्हता. घरी आल्यावर आम्ही बी तोच चालवला. गोळी घे, बिडी घे. बिडीनं त्याचं डोकं जाग्यावर यायचं म्हणायचा. वर च्या, लई साखरंचा. अन् बसून राहायचं. मेंढरं इकली, रान गेलं, वसाहत झाली, चालायला कुठं राहिलं? एकदा त्यानं गोळ्या बंद केल्या तर तलावाच्या पाण्यात गळ्यापस्तोर जाऊन उभा राहिला, माणसांनी वढून काढला. म्हणून गोळी चुकवायची माझी काय हिंमत नव्हती. गल्लीतली पोरंटोरं, माणसं चेष्टा करायची, "काका, आज कुठं फोन लागलाय? दिल्लीला का मुंबईला?" मारोती धूर सोडून म्हणायचा, "तुझ्या बापाला लावलाय. म्हणतो, पोरगं रिकामटेकडं निघालं." बिनतोड बोलायचा. त्याला लोक येडा म्हणायचे अन् उत्तर मात्र कुणाला सुचायचं नाय.

मालक गेले. माझी पोरं शिकली, कामाला लागली, एक उस्मानपुऱ्यात राहतो, एक पुण्याकडं. दोघं चांगले हायत, आईला वाऱ्यावर सोडणारे नायत. पण मारोतीचं नाव काढलं की थोरला मोबाईलमधी बघायला लागायचा. एकदा मी सरळ विचारलं, "मी गेल्यावर काका कुठं?" तो म्हणला, "आई, घरात लहान लेकरं हायत. आपण चांगला आश्रम बघू." मी म्हणलं, "तू त्याच्या खांद्यावर बसून जत्रा बघितलीस." तव्हापासून माझ्या जिवाला एकच घोर. मी मारोतीपेक्षा वयानं मोठी, मी आधी जाणार हे ठरलेलं, माझ्यामागं हा कुणाच्या दारात बसंल? देवाला मी बाकी काय मागितलं नाय. नुसतं म्हणायचे, त्याला माझ्याबिगर राहता येईल एवढं तरी शिकवून जाऊ दे.

मग मी शिकवायला लागले. दुपारी, गल्ली जरा शांत झाली की मी दारात पोत्यावर बसायचे अन् म्हणायचे, "मारोती, आता मी मेले असं समज. बोलणार नाय. तुझं तू कर." पहिल्या दिवशी तो माझ्यापुढं उकिडवा बसून राहिला, माझ्या तोंडाकडं बघत. म्हणला, "वैनी, डोळे तर मिटव." मी मिटवले. मग उठला. स्टो पेटवला, च्या ठेवला, गोळ्यांच्या पट्टीतून सकाळची अन् रातची गोळी वेगळी केली. बरोबर केली. अन् मग च्याचे दोन कप घेऊन आला. मी डोळे उघडून म्हणलं, "अरे, मेलेल्या बाईला च्या कशाला?" तो म्हणला, "मेली म्हणून च्या सोडशील व्हय? तू?" मी लई हसले. असं करत करत तो खिचडी शिकला, भाकर मात्र त्याची कव्हाच गोल झाली नाय.

पण त्या मेल्याच्या सोंगात एक झालं. मी रोज बोलत असते, भांडी आपटत असते, रेडिओ चालू असतो. गप बसले, डोळे मिटले, तव्हा मला पहिल्यांदा मारोतीचा श्वास ऐकू आला. स्टोपासून दारापस्तोर यायचं, हातात दोन कप. एवढ्याशा चालीत असा आवाज यायचा, जसं भरलं पोतं कुणी फरशीवरून वढत आणायलंय. कप ठेवायचा अन् चौकटीला धरून उभा राहायचा. मी विचारलं, "दम लागतो का रं?" तो म्हणला, "छातीत वाडगं दाटलंय, वैनी. समदी मेंढरं एकदम आत घुसायलीत. एक बाहेर निघंना." मी थोरल्या पोराला फोनवर सांगितलं. तो म्हणला, "त्याचं बोलणं काय नवीन हाय का, आई? गोळी वाढवायची असंल." शकुंतला म्हणली, "एवढं अंग झाल्यावर दम लागणारच की." दोघांचं बी खोटं वाटायसारखं नव्हतं. पण मग मी बघायलाच लागले. पायाला सूज यायची, अंगठ्यानं दाबलं की खड्डा राहायचा. थंडीत घाम. उशी दोन घेऊन बी झोपायचा नाय, भिंतीला बसून डुलक्या घ्यायचा. मला मेंढरातलं कळतं. दाटलेलं मेंढरू असंच मान वर करून उभं राहतं, पडत नाय, पडलं की संपतं.

पुढल्या खेपेला दवाखान्यात एक नवीन डॉक्टरीणबाई व्हती, लहानशीच. आवाज येतात का विचारलं, अन् मी आपलं म्हणलं, "बाई, आवाज आता तो ऐकत नाय, मी ऐकते. त्याच्या छातीतला." ती थांबली. उठून त्याच्या छातीला नळी लावली. मारोती दचकला, किती वर्षांनी त्याच्या छातीला कुणी हात लावला व्हता. वजन केलं, बीपी बघितलं, पाय दाबून बघितले. मग खुर्ची माझ्याकडं वढून म्हणली, "आजी, हा आजार डोक्याचा असला तरी या लोकांचं हृदय आधी दगा देतं. इतरांपेक्षा लवकर. गोळ्यांनी वजन वाढतं, साखर वाढते, त्यात बिडी, त्यात बसून राहणं. आणि त्यांनी छातीचं सांगितलं तर कुणी खरं मानत नाही." मी म्हणलं, "मग गोळ्या बंद करू?" ती घाईनं म्हणली, "नाही, नाही! अजिबात नाही. गोळ्या बदलता येतील, पण आधी हृदय बघू." मी म्हणलं, "बाई, आमच्याकडं अंग भरलं म्हंजे माणूस बरा झाला असं धरतात." तिनं मारोतीकडं बघितलं. म्हणली, "आमच्याकडेही तसंच धरतात, आजी."

तिनं चिठ्ठी दिली, छातीची पट्टी, ईसीजी म्हणतात ती, काढायची अन् रगत तपासायचं. पट्टीची खोली पार दुसऱ्या बाजूला, जिना चढून. मारोती दोनदा पायरीवर बसला. तिथला माणूस म्हणला, "काय होतंय काका?" मारोतीनं खरं ते सांगितलं, "मेंढरं घुसलीत. वाडगं फोडायलीत." त्यानं हातातला कागद बघितला, कुठल्या विभागातून आला ते वाचलं, अन् माझ्याकडं बघून हळूच म्हणला, "आजी, हे झोपून राहतील का मशीनवर? वायरी तोडल्या तर? सोमवारी या, सोबत एखादा दणकट माणूस आणा." मी म्हणलं, "दादा, तो माशी मारत नाय, तुम्ही लावा तर खरं." मारोती मधीच म्हणला, "राहू दे वैनी. साहेब भ्यायलेत." तो माणूस हसला बी नाय अन् चिडला बी नाय, पुढच्याला हाक मारली. मी खाली येऊन डॉक्टरीणबाईची खोली बघितली, तर येळ संपली व्हती, कुलूप. थोरल्याला फोन केला. तो लगेच म्हणला, "सोमवारी सुट्टी काढतो, मी येतो, आई." त्याच्या आवाजात पहिल्यांदा काळजी व्हती, हे बी लिहायलाच पायजे.

सोमवार यायच्या आधी पाणी आलं. मी म्हणलं, "आज तू बस, मी भरते." त्यानं पाइप वढून घेतला माझ्या हातातून. "तुझं कंबरडं मोडंल, म्हातारे. भाकरी कर जा." हेच त्याचं शेवटचं बोलणं.

महिना भरला अन् त्याची दवाखान्याची तारीख आली, तशी मी एकटीच गेले. का गेले? सवय म्हणा. शिवाय बाईंना सांगायला पायजे व्हतं. रिक्षातून उतरले, बाकावर बसले. मला तव्हा नीट दिसलं. त्या बाकावर मारोतीच मारोती व्हते. कुणाचं पोट मांडीवर आलेलं, कुणाची मान खांद्यात गेलेली, डोळे झोपेनं जड. संगट कुणाची आई, कुणाची बहीण, कुणाची बायको. इतक्या वर्षांत मी त्यांच्याकडं बघितलं असंल, पण कसं बघितलं असंल…

माझ्या शेजारी एक बाई व्हती, पाचोडकडची. तिचा भाऊ, चाळिशीचा, उठून मला जागा द्यायला लागला. "बसा, मावशी," म्हणला अन् एवढ्यानंच त्याला धाप लागली. मी त्याचा हात धरून त्याला परत बसवला. बाई हौसंनं म्हणली, "आधी बघायला पायजे व्हता तुम्ही. नुसता हाडाचा सापळा! आता बघा की, कसा भरलाय. नजर लागंल म्हणून मी कुणाला सांगत नाय." मी म्हणलं, "बाई, याच्या छातीची पट्टी काढली का कव्हा?" तिचं तोंड उतरलं. म्हणली, "त्याच्या छातीला काय धाड भरलीय? दुखणं डोक्याचं हाय त्याचं." मी म्हणलं, "माझ्या दिराचं बी डोक्याचंच व्हतं." ती जरा सरकून बसली, जसं माझ्या अंगावरचं वारं लागंल. भाऊ मात्र माझ्याकडं बघत राहिला. मग बहिणीला ऐकू जाणार नाय असं हळूच मला म्हणला, "मावशी, राती झोपलो की पाण्यात बुडाल्यासारखं व्हतं. हिला सांगितलं तर ही गोळी वाढवाया लावती."

आतून त्याचं नाव पुकारलं. बहीण पिशवी घेऊन उठली, त्याला दंडाला धरून निघाली. माझं नाव कुणी पुकारणार नव्हतं, माझा पेशंट आता कुठल्या कागदावर नव्हता. मी काठी घेतली, उठले अन् त्या दोघांच्या मागं आत गेले.